गौताळ्याला जायचंय, जीपीएस कोणतं घ्यावं?

दादा: नमस्कार मंडळी. श्रावणात गौताळा अभयारण्यात जायचं ठरलंय, पोरंही सोबत आहेत. मागच्या पावसाळ्यात अंतूर किल्ल्यावरून उतरताना धुकं आलं, फोन भिजून बंद पडला आणि पाऊण तास आम्ही उलट्या वाटेनं चाललो. धाकटी रडायला लागली होती, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून औंदा हातातलं जीपीएस घ्यायचंच. कोणतं घेऊ?

मामा: अरे, फोनमध्ये असतंयच की. पैसे कशाला घालायलास? शिवाय तिथं रेंज कुठं आहे?

तात्या: मामा, जीपीएसला रेंज लागत नाही. उपग्रह २०,२०० किलोमीटर वर फिरतात, आपलं यंत्र त्यांचा सिग्नल नुसता ऐकतं. फोनही रेंजशिवाय जागा दाखवतो. फक्त नकाशा घरूनच उतरवून न्यायचा, नाहीतर कोऱ्या पडद्यावर एक ठिपका दिसतो. अडचण आहे ती बॅटरीची आणि पाण्याची. ओल्या बोटांनी टचस्क्रीन नीट चालत नाही, म्हणून पावसात बटणंवालं बरं.

दादा: हौ तात्या, अगदी तेच झालं होतं. मग मॉडेल सांगा.

तात्या: सर्व्हेच्या कामात मी गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स वापरलंय, ते हातात धरायचं जीपीएस. त्यातलं २२एक्स दोन पेन्सिल सेलवर २५ तास चालतंय, पडदा रंगीत आहे आणि ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला फुकट नकाशा त्यात भरता येतो. ३२एक्समध्ये होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा सेन्सर जास्तीचा आहे. २२एक्सला दिशा कळते ती चालत असतानाच. धुक्यात माणूस थांबतो, आणि नेमकी तेव्हाच दिशा हवी असते. पोरं सोबत आहेत, तू ३२एक्सच घे. ईट्रेक्स एसई १६८ तास चालतंय खरं, पण त्यात नकाशा नाही.

आत्या: रेंज नसली तरी उपग्रहावरून निरोप पाठवतं असंही यंत्र मिळतंय ना? तेच घ्या बाबा, मला घोर राहणार नाही.

तात्या: आत्या, ते गार्मिनचंच इनरीच. आपल्याकडं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही. परदेशी पाहुणे त्यापायी विमानतळावर अडकलेत. दुबईहून कुणी आणून देतो म्हणालं तरी नको म्हणा. साध्या ईट्रेक्सला ही भानगड नाही, ते उपग्रहाला काहीच पाठवत नाही.

छोटी: दादा, पितळखोऱ्याच्या लेण्यांकडं उतरणार असाल तर तिथं जपून. दरीत आभाळ थोडंच दिसतं, सिग्नल कातळावर आपटून येतो आणि ठिपका बाजूला सरकतो. तिथं पायवाटेवर भरवसा ठेवा.

तात्या: बरोबर बोलली. आणि गाडी सोडली की पहिल्यांदा तिथला पॉइंट मार्क कर, ट्रॅक म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद चालू ठेव. मग ट्रॅकबॅक लावलं की आल्या वाटेनंच परत नेतं. चार्जिंगचे सेल घालणार असशील तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदल, नाहीतर किती बॅटरी उरली ते चुकीचं दाखवतं.

मामा: मला वाटलं होतं रेंज लागते. घे बाबा, निम्मे पैसे माझे. नातवंडं आहेत सोबत.

दादा: मामा, राहू द्या हो. ३२एक्सच घेतो. तात्या, एकदा वापरून दाखवाल का?

तात्या: यंत्र आलं की येणाऱ्या रविवारी पहाटे ६ ला गोगाबाबा टेकडी. पोरांनाही आण, पॉइंट त्यांच्याच हातानं मार्क करायला लावू.

आत्या: डबा मी देते.