आधी किल -९, मग विचार: ही सवय मला पटत नाही

रात्रपाळी
परवा रात्री आमची जावा सर्व्हिस अडकली. प्रोसेस जिवंत, पण उत्तर नाही. ड्यूटीवरच्या सहकाऱ्याने पीएस या कमांडमधून पीआयडी (प्रोसेसचा नंबर) काढला, किल -९ (प्रोसेस तडकाफडकी मारणारी लिनक्स कमांड) मारला आणि स्टार्ट स्क्रिप्ट चालवली. स्क्रिप्ट म्हणाली, "आधीच चालू आहे." जुनी पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा नंबर लिहून ठेवणारी) तशीच पडली असणार म्हणून ती पुसली, पुन्हा स्टार्ट केलं, तर आता सर्व्हिसचा नेटवर्क पोर्ट मोकळा नाही. टाइम-वेट (कनेक्शन बंद झाल्यावरही काही वेळ पोर्ट अडून राहतो ती अवस्था) असेल म्हणून वाट पाहिली. शेवटी कंटाळून मशीनच रीबूट केलं. चाळीस मिनिटं गेली.

माझं मत सरळ आहे. नुसतं किल दिलं की १५ नंबरचा सिग्नल, सिगटर्म, जातो, प्रोसेसला आवराआवर करता येते: हातातल्या रिक्वेस्ट संपवणं, बफर डिस्कवर लिहिणं, फाइल पुसणं. ९ नंबरचा सिग्नल, सिगकिल, तिला कळतच नाही, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) परस्पर निकाल लावतं. -९ हा शेवटचा उपाय. आमच्याकडे मात्र तो बोटांत बसलाय.

एकघाव
असहमत. मेमरी संपली की ओओएम किलर (मेमरीसाठी प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) सिगकिलच देतो, आधी विचारत नाही. वीज गेली तर तोही नाही. जी सर्व्हिस -९ नंतर धड उठत नाही ती आधीपासूनच मोडलेली आहे, तुम्हाला ते परवा कळलं इतकंच. आणि पीआयडी फाइल आहे की नाही एवढंच बघून अडणारी स्क्रिप्ट कोणी लिहिली? एफलॉक (फाइलवर कुलूप लावणारी सोय) वापरा. प्रोसेस कशीही मेली तरी ते कुलूप कर्नल काढतं.

रात्री अडीचला लोक खोळंबलेले असताना तुमची आवराआवर बघत बसायला माझ्याकडे वेळ नसतो.

रात्रपाळी
एफलॉकचं मान्य, स्क्रिप्ट जुनी आहे. पण अपघातातून वाचता आलं पाहिजे याचा अर्थ रोज अपघात करावा असा होत नाही ना. पोस्टग्रेस डेटाबेसची एकच बॅकएंड प्रोसेस (एका कनेक्शनचं काम बघणारी) -९ ने मारून बघा. मुख्य प्रोसेस शेअर्ड मेमरीवर विश्वास ठेवत नाही, बाकीच्या सगळ्या बॅकएंड पाडते आणि रिकव्हरी करून मगच दार उघडते. मारलं एका क्वेरीला, तुटली सगळ्यांची कनेक्शन.

एकघाव
डेटाबेसवर मीही -९ मारत नाही हो. आपण ॲप सर्व्हरबद्दल बोलतोय.

युनिटवाला
दोघांचंही वाचलं. मुळात हाताने किल कशाला? सिस्टिमसीटीएल स्टॉप दिलं की सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा मॅनेजर) त्या सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेसना सिगटर्म देतो, काही बदललं नसेल तर सहसा ९० सेकंद थांबतो, तरी हलली नाही तर स्वतःच सिगकिल देतो. तुमचा वाद त्यात मिटलेला आहे.

पण मला वेगळाच संशय येतोय. टाइम-वेट लिनक्सवर ६० सेकंदांत संपतो. त्यानंतरही पोर्ट अडलेला असेल तर तिथे कोणीतरी जिवंत बसलंय. एसएस -एलटीएनपी (कुठल्या पोर्टवर कोण बसलंय ते दाखवणारी कमांड) चालवून पाहिलं होतं का? आणि युनिट फाइलमध्ये (सिस्टिमडीसाठीची सर्व्हिसची सेटिंग) रीस्टार्ट समोर काय लिहिलंय?

रात्रपाळी
एसएस नाही चालवलं. युनिट फाइलमध्ये ऑन-फेल्युअर आहे. का?

युनिटवाला
मग झालं. ऑन-फेल्युअर असताना १५ ने मेलेली प्रोसेस सिस्टिमडीच्या लेखी सहसा नीट थांबलेली असते, तिला तो उठवत नाही. ९ ने मेली की ते फेल्युअर. वेळ बदलली नसेल तर १०० मिलिसेकंदांत नवी प्रत उभी. जर्नलसीटीएल (सिस्टिमडीचा लॉग) बघा, रीबूटच्या आधीचं.

रात्रपाळी
बघितलं. काय बोलू आता. -९ पडला आणि लगेच सिस्टिमडीने सर्व्हिस उठवली होती. स्क्रिप्ट "आधीच चालू आहे" म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं. आम्ही पुसलेली पीआयडी फाइल नव्या, ठणठणीत प्रोसेसची होती. पोर्टही तिनेच धरला होता. चाळीस मिनिटं आम्ही चालू सर्व्हिसच्या उरावर दुसरी प्रत चढवत होतो आणि शेवटी मशीनसकट तिला पाडलं. सर्व्हिस जिवंत आहे का ते सांगणाऱ्या हेल्थ चेकवर एक कर्ल मारायचं (रिक्वेस्ट पाठवायचं) कोणालाच सुचलं नाही.

एकघाव
म्हणजे -९ ने काम एका फटक्यात केलं होतं! आणि बिचाऱ्याला फाशी द्यायला तुम्ही धागा काढलात.

डबाबंद
मध्येच तोंड घालतो. कंटेनरमध्ये (ॲप वेगळं बंदिस्त चालवायचा डबा) हे आणखी वाईट. डॉकर स्टॉप (कंटेनर थांबवायची कमांड) साधारणपणे १० सेकंदच थांबतो. पीआयडी १ वर (कंटेनरची पहिली प्रोसेस) शेल स्क्रिप्ट असेल आणि तिच्यात एक्झेक (शेलच्या जागी ॲपच बसवणारी कमांड) लिहिलेलं नसेल तर सिगटर्म ॲपपर्यंत पोचतच नाही. दर वेळी बरोबर १० सेकंदांनी थांबणारा कंटेनर दिसला की समजावं, रोज -९ च बसतोय. आमच्याकडे अनेक महिने हेच चाललं होतं, "थांबायला जरा वेळ लागतो" म्हणत.

रात्रपाळी
@एकघाव, हसा. पण सर्व्हिस मुळात अडकली का, ते मला अजूनही माहीत नाही, आणि ते -९ मुळेच. मारण्याआधी किल -३ दिलं असतं तर जेव्हीएमने (जावा चालवणाऱ्या यंत्रणेने) न मरता थ्रेड डंप (प्रोसेसमधला प्रत्येक थ्रेड काय करतोय त्याची यादी) जर्नलमध्ये ओतला असता. कुठला थ्रेड कोणत्या कुलपासाठी थांबलाय ते दिसलं असतं. पाच सेकंदांचं काम. आता पुन्हा अडकेपर्यंत वाट बघायची.

एकघाव
-३ चं ठीक. पाच सेकंद देतो. ९० नाही.

युनिटवाला
९० नको असतील तर युनिटमध्ये टाइमआउट-स्टॉप-सेक २० करा. पण ती स्टार्ट स्क्रिप्ट आजच डिलीट करा, नाहीतर पुढच्या पाळीवाला पुन्हा तीच चालवेल.