गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील मे महिन्याचे शिबिर आणि चावणारे किडे: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-३०२: नमस्कार. काल सचिवांनी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील सत्तरीच्या शिबिराची सूचना टाकली. तीत जेवणाचा, गाडीचा आणि मुलांच्या टी-शर्टच्या रंगाचाही उल्लेख आहे. परंतु मागच्या वर्षी मुले ज्या अवस्थेत परत आली, त्याबद्दल एक ओळही नाही. माझ्या मुलीच्या पायांवरचे चट्टे पावसाळा लागला तरी गेले नव्हते, हे सर्वांना ठाऊक आहे, कारण त्याचे फोटो मी इथेच टाकले होते. या वेळी डास आणि गोचीड यांच्या बंदोबस्तासाठी काय ठरवले आहे, हे कळल्याशिवाय मी तिचे नाव देणार नाही.

सचिव: वहिनी, आपली काळजी रास्त आहे. प्रत्येक मुलासाठी डासांच्या मलमाची ट्यूब घेण्याचे समितीने ठरवले आहे. बाकी रानात राहायचे म्हटले की थोडेफार चावणारच, हेही आपण समजून घ्यावे.

सी-१०१: मागच्या वर्षी तंबू कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाटाच्या कडेला ठोकले होते, म्हणून मुले चावून निघाली. या वर्षी तंबू सड्यावर लावावेत.

बी-२०३: डासांकडूनही वर्गणी घ्यावी, असे मी सुचवतो. शिबिरात सर्वांत जास्त तेच जेवतात.

ए-३०२: भाऊ, आपल्या घरातील कोणी शिबिराला जात नाही, म्हणून आपल्याला हे सुचते आहे. मी गंभीरपणे विचारले आहे आणि उत्तरही तसेच अपेक्षित आहे.

बी-२०३: क्षमस्व, ताई. दुखावण्याचा हेतू नव्हता.

खजिनदार: सी-१०१ यांना नम्रपणे आठवण करून द्यावीशी वाटते की, मागच्या वर्षीची जागा बैठकीत सर्वानुमते ठरली होती आणि त्या बैठकीला आपण उपस्थित होता. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, सावली नाही, पाणी नाही आणि शौचालयही नाही. मे महिन्यात मुलांना तिथे ठेवले, तर डासांऐवजी उन्हाची तक्रार येईल.

सी-१०१: मी उपस्थित होतो आणि तेव्हाही हेच म्हणालो होतो. इतिवृत्तात ते का आले नाही, हे लिहिणाऱ्यांना विचारावे.

बी-४०१: मंडळी, मी आरोग्य खात्यात फिरतीवर होतो आणि वाळपईच्या बाजूची बरीच गावे पायी पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कुळागरात डास का होतात, हे आधी पाहू. वाहत्या पाटात ते फारसे वाढत नाहीत. पाट तुंबून जिथे डबके होते, तिथे वाढतात. त्याहून अधिक ते वाढतात खाली पडलेल्या पोफळीच्या विऱ्यांत (झावळीच्या रुंद देठांत), करवंट्यांत आणि कुंपणाशी टाकलेल्या प्लास्टिकच्या डब्यांत. शिंपण्याचे पाणी त्यांत चार दिवस साचून राहिले, तरी अळ्या दिसू लागतात. हा डास पट्ट्यापट्ट्यांचा, म्हणजे डेंग्यूचा असतो आणि तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळण्यापूर्वी. त्यामुळे रात्री मच्छरदाणी लावली की झाले, असे समजून दुपारी मुलांना पोफळीखाली उघड्या अंगाने झोपवणे हीच मोठी चूक ठरते. हिवतापाचा डास मात्र अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत चावतो. म्हणून दोन्ही वेळांची व्यवस्था वेगवेगळी करावी लागेल.

तरीही सत्तरीत मे महिन्यात मला डासापेक्षा गोचिडाची काळजी अधिक वाटते, आणि त्याबद्दल कोणीच विचारत नाही.

ए-३०२: काका, मी पहिल्याच संदेशात गोचिडाचे नाव घेतले होते.

बी-४०१: खरे आहे, ताई, आपण घेतले होते. त्यानंतर कोणी विचारले नाही, असे म्हणायला हवे होते.

ए-१०३: गोचीड गुरांना लागते ना? मुलांना त्याचे काय भय?

बी-४०१: माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलाचा रोग, गोचिडांमुळेच होतो. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याला त्या जंगलाचे नाव मिळाले. आपल्या सत्तरीत पाली गावात २०१५ मध्ये त्याची साथ आली आणि २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातही रुग्ण सापडले. बाधा झालेल्यांत काजूच्या बागांत काम करणारी माणसे पुष्कळ होती, कारण गोचिडांची पिल्ले सर्वाधिक फिरतात नोव्हेंबर ते मे या काळात, आणि काजूचा हंगाम नेमका त्यातच येतो. बोंडू वेचताना माणूस वाकतो, वाळलेल्या पाचोळ्यावर बसतो, आणि पाचोळ्यात किंवा खुरट्या झुडपांच्या टोकांवर पुढचे पाय पसरून थांबलेले पिल्लू कपड्याला चिकटते. ते खसखशीच्या दाण्याएवढे असते, म्हणून चावले तरी पुष्कळदा कळत नाही. चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकदम मोठा ताप येतो, डोके आणि अंग विलक्षण दुखते आणि काहींना रक्तस्रावही होतो. बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र शंभरातील तीन ते पाच दगावतात. घाबरवण्यासाठी नव्हे, जागा निवडताना हे ध्यानात राहावे म्हणून लिहितो.

सी-१०१: म्हणूनच मी म्हणतो आहे. मागच्या वर्षी तंबू कुळागरात पाटाच्या कडेला ठोकले होते, म्हणून मुले चावून निघाली. या वर्षी तंबू सड्यावर लावावेत.

बी-४०१: सड्यावर वारा असतो आणि वाऱ्यात डास टिकत नाही, इथपर्यंत आपले म्हणणे योग्य आहे. परंतु त्या सड्यावर जायची वाट काजूतून जाते आणि सावलीसाठी मुले पुन्हा काजूखालीच जाऊन बसतील. म्हणजे डास टाळून आपण त्यांना गोचिडांत नेऊन बसवू.

बी-१०२: एवढी दगदग करण्यापेक्षा समुद्राकडे का जाऊ नये? काणकोणात गालजीबागला सुंदर किनारा आहे, माकडे नाहीत आणि काजूही नाही.

ए-२०४: गालजीबाग आणि आगोंद या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तिथे तंबू आणि रात्रीचे दिवे नेणे योग्य नाही. शिवाय खाडीलगतच्या ओल्या वाळूत संध्याकाळी ज्या बारीक माश्या चावतात, त्यांची खाज डासापेक्षा जास्त दिवस राहते. आमच्या माहेरी ती लहानपणापासून अनुभवलेली गोष्ट आहे. त्या माश्या इतक्या बारीक असतात की, साध्या मच्छरदाणीच्या भोकांतूनही आत येतात.

सी-३०४: आमच्याकडे गोठ्यात संध्याकाळी सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालांचा, धूर करीत आणि त्यात निर्गुडीचा पाला टाकीत. एक डास राहत नसे. मुलांना मलमे चोपडण्यापेक्षा तोच उपाय करावा. काजूच्या कवचांचा धूर तर आणखी जहाल असतो.

बी-४०१: मावशी, धुराने डास कमी होतात, हे मी नाकारत नाही. परंतु काजूच्या कवचातील तेल कातडी भाजणारे असते आणि त्याचा धूर मुलांच्या डोळ्यांना व छातीला अपाय करील. कवचांचा धूर कोणीही करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. सोडणांचा थोडा धूर घराच्या अंगणात, पाण्याची बादली जवळ ठेवून केला, तर हरकत नाही. रानात मात्र अजिबात नको. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या अभयारण्यात आणि इतरत्र आगी लागल्या, तेव्हा डोंगर किती दिवस धुमसत होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मे महिन्यात पाचोळा त्याहूनही वाळलेला असतो.

सी-३०४: आमच्या पिढीने हेच उपाय केले आणि आम्ही जगलो. आता सांगितलेले कोणाला पटत नाही, तर राहू दे.

ए-३०२: मावशी, कृपया मनाला लावून घेऊ नका. आपण सांगितलेला धूर अंगणात करूच. आमच्या विंगमधील धाकट्याला दमा आहे, म्हणून त्याला वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवू.

ए-१०३: मोबाइलवर डास पळवणाऱ्या आवाजाचे अ‍ॅप मिळते. खर्चही नाही. लिंक टाकतो.

बी-४०१: लिंक टाकण्याची तसदी घेऊ नये. अशा आवाजाने डास पळत नाहीत, हे अनेकदा तपासून झाले आहे. त्यापेक्षा बॅटरीवरचा पंखा न्यावा. डासाचे उडणे दुबळे असते आणि ज्या श्वासाच्या व घामाच्या मागाने तो माणसापर्यंत येतो, तो मागही वाऱ्याने विस्कटतो.

सचिव: मागच्या वर्षी उरलेल्या कॉइल माझ्याकडे आहेत. प्रत्येक तंबूत एकेक देता येईल.

बी-४०१: सचिवसाहेब, बंद तंबूत कॉइल लावू नये. तंबूचे कापड पेट घेते, हा एक धोका. दुसरा धुराचा: एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांएवढे भरतात, असे २००३ मधील एका अभ्यासात आढळले होते. अंगणात, माणसांपासून दूर लावायच्या असतील तर लावाव्यात.

खजिनदार: मग मलमाच्या ट्यूब घ्यायच्या की नाही, हे स्पष्ट व्हावे. दरपत्रक मागवले आहे आणि दर बदलला की मलाच ऐकावे लागते.

बी-४०१: जरूर घ्याव्यात. ओडोमॉससारख्या मलमात १२ टक्के एन,एन-डायइथाइल बेंझामाइड असते. ते डासांसाठी चांगले आहे, पण उघड्या कातडीवर सर्वत्र लागले पाहिजे. एका गालावर टिपका लावून निघालेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. गोचिडांसाठी डीट किंवा पिकारिडिन असलेला फवारा मिळाला तर तो पायमोज्यांवर आणि पायांवर मारावा. डीटने चष्म्याचे आणि घड्याळाचे प्लास्टिक खराब होते, हे सांभाळावे. उन्हाचे क्रीम लावायचे असेल तर ते आधी आणि हे नंतर. ओहोळात डुंबून आल्यावर पुन्हा लावावे लागते. कडुलिंबाचे किंवा सिट्रोनेलाचे तेल ज्यांना आवडते त्यांनी लावावे, मात्र त्याचा प्रभाव लवकर ओसरतो, एवढे लक्षात असू द्यावे.

कपडे मलमाहून महत्त्वाचे आहेत. फिकट रंगाची लांब विजार, तिचे टोक पायमोज्यात खोचलेले आणि पूर्ण बाह्यांचा सदरा, एवढे असले तर गोचीड कातडीपर्यंत पोहोचण्याआधी कपड्यावर दिसते. समितीने टी-शर्टचा रंग काळा ठरवला आहे. तो बदलावा, कारण काळ्यावर गोचीड दिसणार नाही आणि काही डास गडद रंगाकडेच ओढले जातात.

सचिव: टी-शर्टची ऑर्डर गेली आहे.

ए-३०२: ऑर्डर रद्द करावी. छपाई सुरू व्हायची आहे, हे दुकानदाराने मला आजच सांगितले.

सचिव: आपण परस्पर चौकशी केलीत, हे ऐकून आश्चर्य वाटले. बरे, मी बोलतो.

सी-१०१: टी-शर्टवर बोलून झाले असेल तर जागेचे बोलू. मागच्या वर्षी तंबू कुळागरात पाटाच्या कडेला ठोकले होते, म्हणून मुले चावून निघाली. या वर्षी तंबू सड्यावर लावावेत.

ए-२०४: काका, आपला मुद्दा सर्वांनी वाचला आहे. ज्यांच्या भावाचे ते कुळागर आहे, त्या बी-३०३ वहिनींनी काही सांगितले तर बरे होईल.

बी-३०३: मी सकाळपासून वाचते आहे. घराच्या वरच्या अंगाला मळणीचे जुने खळे आहे. ते मोकळे आहे, तिथे संध्याकाळी वारा येतो आणि घरातील न्हाणी व शौचालय पन्नास पावलांवर आहे. दुपारी मुले पडवीत झोपू शकतील. मागच्या वर्षीही मी हीच जागा सुचवली होती. तंबू पाण्याजवळ हवेत म्हणून आग्रह झाला आणि पाहुण्यांपुढे आमचे काही चालले नाही. मुले खाजवत परत गेली, त्याचे वाईट आमच्या घरातही सर्वांना वाटले.

सी-१०१: वहिनी, खळे मला मान्य आहे. सड्याचा आग्रह मी सोडतो.

बी-४०१: खळे उत्तम, परंतु दोन गोष्टी पाहाव्या लागतील. गोठा खळ्याला लागून आहे का? गुरे ज्या वाटेने रानातून परततात, त्या वाटेवर गोचीड पडतात. तंबू त्या वाटेपासून दूर हवेत. आणि कडेचा पाचोळा शिबिराआधी झाडून काढावा, जाळू नये. खळ्याच्या टोकाशी आंबा असेल तर त्याला झोपाळा बांधू नये, कारण हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, दोरीवरून उतरतात आणि लहान मूल घाबरून उडी मारते.

बी-३०३: गोठा खालच्या अंगाला आहे. पाचोळा भाऊ काढून घेईल, आणि बागेतील विऱ्या व करवंट्याही उपड्या करून ठेवायला सांगते. आंबा आहे, झोपाळा बांधणार नाही.

ए-३०२: आपले मनापासून आभार, वहिनी. आता गोचीड अंगावर सापडले तर काय करायचे, हे काकांनी सांगावे. मागच्या वर्षी कोणी रॉकेल लावले होते, कोणी काडी पेटवली होती.

बी-४०१: यातले काहीही करू नये. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीलगत धरावे आणि न पिळता, एकसारखा जोर लावून सरळ वर ओढावे. नखाने चिरडू नये. मग जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी. रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी प्रत्येक मुलाचे केस, कानामागचा भाग, काखा, कंबर, जांघा आणि गुडघ्यांच्या मागची बाजू पाहावी. मुलींचे आयांनी आणि मुलग्यांचे बापांनी. रानातले कपडे तंबूत न आणता बाहेरच पिशवीत बांधावेत आणि घरी येताच गरम पाण्यात टाकावेत. या तापाने माकडेही मरतात, म्हणून मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये, फोटोसाठीही नाही; वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. परतल्यावर दोन आठवड्यांत कोणालाही ताप आला, तर घरच्या गोळीवर न थांबता डॉक्टरकडे जावे आणि आपण सत्तरीच्या रानात राहिलो होतो, हे न विचारताही सांगावे.

सी-३०४: खाजेवर भिरंडीचे (कोकमाचे) सोल पाण्यात कुस्करून लावले, तर तेही चुकीचे ठरेल का?

बी-४०१: नाही, मावशी. कातडी शाबूत असेल तर जरूर लावावे. खाजवून फुटलेल्या जागी मात्र आंबट काही लावू नये. तिथे स्वच्छ पाणी, थंड पट्टी आणि कॅलामाइन पुरे. मुलांची नखे निघण्यापूर्वी कापून घ्यावीत. मागच्या वर्षीचे चट्टे चाव्यापेक्षा खाजवल्यामुळेच चिघळले होते.

ए-१०४: आमची धाकटी आठ महिन्यांची आहे. तिला आणायचे की नाही, हे ठरत नाही.

बी-४०१: आणायचीच असेल तर तिला घरात, पाळण्यावर पूर्ण मच्छरदाणी टाकून झोपवावे. जाळी अंगाला टेकू देऊ नये, कारण टेकलेल्या जागी डास बाहेरूनच चावतो. मलम तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे, आणि तळहातांना तर लावूच नये, कारण हात तोंडात जातात. निलगिरी-लिंबाच्या तेलाचे फवारे तीन वर्षांखालील मुलांसाठी नाहीत.

ए-१०४: मग या वर्षी मी तिच्यासह घरीच राहते. मोठ्याला पाठवते.

सचिव: ठरले ते असे लिहून घेतो. तंबू खळ्यावर, टी-शर्ट पांढरे, कॉइल तंबूत नाही, संध्याकाळची तपासणी सक्तीची. बॅटरीचे पंखे आणि बारीक टोकाचे चिमटे ज्यांच्याकडे असतील, त्यांनी उद्या रात्रीपर्यंत कळवावे; उरलेले विकत घेऊ. वहिनी, आता मुलीचे नाव लिहू का?

ए-३०२: लिहा. तपासणीला मी स्वतः येते आहे. माझ्याकडे दोन चिमटे आहेत.