आजीसकट क्रूझ: आधी जहाज नाही, मार्ग ठरवा

इंदूरहून घरच्यांसोबत कुठली क्रूझ घ्यावी, असं विचारलंत. पंचाहत्तरीच्या आजी आणि बालवाडीतला नातू दोघंही येणार म्हणता, आणि वर सगळ्यांनी लक्षद्वीपचाच सल्ला दिलाय. मी जरा उलट सांगते. लक्षद्वीपला क्रूझचं मोठं जहाज सहसा किनाऱ्याला लागत नाही. भर समुद्रात, हलत्या छोट्या बोटीत उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जड जातं. मुंबई-गोवा घ्या, गोव्याच्या मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागतं. पासपोर्टही नको, फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं.

खोली घेताना बाल्कनीच्या मोहात पडू नका. आजींसाठी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली बघा, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. लिफ्ट जवळ असावी. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकिटाचं बुकिंग करतानाच सांगून ठेवायचं. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आणि जहाज सुटायच्या आधी. मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग होत नाही. जून ते सप्टेंबर विचारही नको, अरबी समुद्र खवळलेला असतो.

इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसनं मुंबई सेंट्रलला सकाळी पोचाल, बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर जहाजात चढणं साधारण दुपारी. मधल्या वेळेसाठी फोर्टात एक खोली घ्याच. आजींना सामानावर बसवून ठेवू नका! शक्य असेल तर एक दिवस आधीच मुंबईत पोचा, गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

आणि हो, बाहेरचं खाणं जहाजावर सहसा चालत नाही. शेवेचं पाकीट गाडीतच संपवा.