विषय: डिसेंबर मेळावा, पार्ल्याची गच्ची आणि गॅस ग्रिल

प्रेषक: खानपान समिती, एडिसन

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात अमेरिकेहून सुट्टीवर मुंबईत असणाऱ्या आपल्या मंडळातल्यांचा मेळावा यंदा पार्ल्याला, आपल्या माजी खजिनदार काकांच्या सोसायटीच्या गच्चीवर ठरतोय. केटररची पावभाजी दरवर्षीचीच आहे, तेव्हा या खेपेला ग्रिल करावं असं समितीत निघालं. आपले एक सभासद कायमचे मुंबईला परतले, त्यांचं तीन बर्नरचं ग्रिल कंटेनरमधून आलंय आणि गॅरेजमध्ये धूळ खातंय. काका, तुमच्या घरचा गॅस जोडला की झालं ना? की इथून काही आणू?

प्रेषक: माजी खजिनदार, विलेपार्ले

मंडळी,

घरचा गॅस विसरा. आमच्याकडे आता पाइपचा गॅस आहे, म्हणजे मिथेन. तुमचं ग्रिल प्रोपेनचं. दोन्हींचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं) वेगळे, दाबही वेगळा. शिवाय पाचव्या मजल्याच्या स्वयंपाकघरातून गच्चीवर नळी ओढायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर ती तिथेच राहू द्या.

सिलिंडरच लागेल. पण तिथला रेग्युलेटर आणू नका, इथे बसणार नाही. तिथल्या टाकीचा जोड आट्यांचा, हातानं फिरवून आवळायचा. इथला रेग्युलेटर वरून दाबून बसतो. दाबाचं मात्र सुदैवानं जुळतं. तिथली प्रोपेनची ग्रिलं पाण्याच्या ११ इंच उंचीएवढ्या दाबावर, म्हणजे सुमारे २७ मिलिबारवर चालतात आणि आपला घरगुती शेगडीचा रेग्युलेटर ३०च्या आसपास देतो. म्हणून सिलिंडर ज्या वितरकाकडून येईल त्याच्याकडूनच त्याला बसणारा लो-प्रेशर रेग्युलेटर आणि आयएसआय मार्कची नवी नळी घ्यायची, आणि जोडणी शेगडी दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडून करून घ्यायची. केटरर म्हणेल, "साहेब, माझा भट्टीचा रेग्युलेटर आहे ना." तो हाय-प्रेशर असतो. हात जोडून नको म्हणायचं.

आपल्या एलपीजीत ब्यूटेनही असतं, त्यामुळे ज्योत थोडी पिवळी दिसू शकते. बर्नरच्या तोंडाशी हवेची झडप असते, ती जरा उघडली की निळी होते. तरीही पिवळी राहिली तर बर्नरच्या नळीत काहीतरी अडकलंय. पडून राहिलेल्या ग्रिलच्या बर्नरमध्ये कोळी जाळी करतात, आपल्याकडे कुंभारीण माशी चक्क मातीचं घर बांधते. मग गॅस पुढे सरकत नाही, उलटा येतो आणि नॉबच्या मागे पेट घेतो. म्हणून बर्नर बाहेर काढून नळ्या आतून साफ करायच्या. हे आदल्या आठवड्यात. पाहुणे आल्यावर नाही.

आता गच्ची. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, खाली उतरतो आणि खोलगट जागी साचतो. आमच्या गच्चीला कंबरभर कठडा आहे आणि जिन्याचं दार एका कोपऱ्यात. म्हणजे गॅस कठड्याच्या आत घुटमळणार किंवा जिन्यानं खाली जाणार. त्यामुळे ग्रिल जिन्यापासून आणि लिफ्टच्या खोलीपासून लांब, मोकळ्यावर. मंडपाच्या कापडाखाली तर अजिबात नाही. सावली हवी त्यांनी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसावं. संध्याकाळी आपल्याकडे वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. ग्रिलची पाठ पूर्वेला ठेवू, नाहीतर मागच्या फटीतून वारा शिरून आच नॉबकडे ढकलतो. सिलिंडर उभाच, नळी गरम पत्र्याला न लागेल अशी.

जोडणी झाली की साबणाचं पाणी. नॉब बंद, सिलिंडर चालू, प्रत्येक जोडावर फेस लावायचा. फुगा वाढताना दिसला की बंद करून पुन्हा बसवायचं. काडी पेटवून तपासणारे शूरवीर प्रत्येक मंडळात असतात, त्यांना पंगत वाढायला लावा.

पेटवताना झाकण उघडं, हे एक सगळ्यांनी पाठ करा. बंद झाकणाखाली गॅस साचला आणि मग ठिणगी पडली तर झाकण उडतं आणि भुवया जातात. पाच-दहा सेकंदांत पेटलं नाही तर सगळं बंद, झाकण उघडंच, पाच मिनिटं थांबायचं. खट खट करत बसायचं नाही. वास आला तर तेव्हाही बंद, आणि माणसं लांब. गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे, फोनमध्ये घालून ठेवा.

तुमच्याकडून एकच आणा: मांसात खुपसायचा थर्मामीटर.

प्रेषक: माहीमची मावशी (समितीत नाही, तरी लिहितेय)

खजिनदारांनी गॅसवर प्रबंध लिहिला, खाण्याचं कोण बघणार?

तीनही बर्नर सुरू करून झाकण लावून दहा-पंधरा मिनिटं जाळी तापवा. मग एका टोकाचा बर्नर बंद करा. बंद बाजू ही तुमची पळवाट. बांगड्याला तेल भरपूर, ते खाली ठिबकलं की भडका उडतो. तेव्हा पाणी मारायचं नाही, बांगडा उचलून बंद बाजूला न्यायचा. खालच्या ट्रेमधली चरबीच पेटली तर नॉब बंद, झाकण बंद, आणि सगळे मागे.

पापलेटला चिरा द्या, हळद-मीठ-आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावा, पण अर्ध्या तासाच्या वर नको, आंबटानं मांस भुसभुशीत होतं. जाळीवर ठेवण्याआधी कोरडं पुसा आणि तेलाचा हात माशाला लावा. मग हात बांधून उभे राहा. शिजत आलं की कातडी आपोआप जाळी सोडते. आधी खुपसलंत तर अर्धं पापलेट जाळीलाच राहतं. वांग्याला सुरीनं टोचे मारा, नाहीतर फुटतं.

चिकन तंगडीचं, हाडासकट. आधी चालू बाजूला रंग आणा, मग बंद बाजूला झाकणाखाली शिजवा. हाडाजवळ ७४ अंश (तुमचे १६५ फॅरनहाइट) भरल्याशिवाय उतरवायचं नाही. मसाल्यानं लाल दिसतं म्हणून शिजलं असं नसतं. कच्चं ज्या ताटात आणलं त्यात शिजलेलं ठेवू नका, उरलेला दह्याचा मसाला वरून फासू नका. दुपारी पारा ३२च्या वर गेला तर कच्चं चिकन तासाभराच्या वर बाहेर नको. बर्फाचे डबे मी आणते.

आणि तो तारेचा ब्रश फेकून द्या. तार तुटून जाळीला चिकटते, मग घासातून घशात. गरम जाळीवर अर्धा कांदा काट्याला टोचून घासला की काम होतं.

प्रेषक: खानपान समिती, एडिसन

मावशी, काका, आभार. थर्मामीटर दोन आणतो. एक अडचण: आठ-दहा जण शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी वेगळं ग्रिल कुठून आणायचं?

प्रेषक: माजी खजिनदार, विलेपार्ले

वेगळं नको, क्रम बदला. नव्यासारखी घासलेली जाळी, त्यावर आधी कणसं, वांगी, पनीर. शाकाहारी मंडळी जेवायला बसली की मग मासे, शेवटी चिकन. चिमटेसुद्धा दोन. ज्यांना तेवढ्यानंही चालणार नाही त्यांच्या वांग्याचं भरीत मी खाली घरच्या शेगडीवर करतो.

सेक्रेटरींना गच्चीचा अर्ज उद्याच देतो. त्यात "ग्रिल" लिहिणार आहे, "छोटा स्वयंपाक" नाही. नंतर धूर बघून वरच्या मजल्याचे धावत येतात. मासे आणणार हेही सांगतो. नाही म्हणाले तर मावशीचे बांगडे तिच्याकडेच.