मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यांसाठी मिळालेल्या गमीज आणि आयडाहोचा रस्ता

आम्ही अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला राहतो. भारतातून आलेल्या आईचे गुडघे दुखतात म्हणून शेजारणीने मायेने गमीजचं, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्यांचं, पाकीट दिलं. मागे बारीक अक्षरात लिहिलंय: दर गोळीत १० मिलिग्रॅम टीएचसी. म्हणजे नशा आणणारा घटक, गांजाच! वॉशिंग्टनमध्ये २०१२ च्या मतदानापासून एकविशीच्या पुढच्यांना चालतो, पण अर्ध्या तासावरच्या शेजारच्या आयडाहो राज्यात औषध म्हणूनही नाही. शिवाय केंद्राच्या कायद्याने तो बेकायदाच, आणि ग्रीन कार्ड केंद्राच्याच हातात. आम्ही गाडीने आयडाहोमार्गे यलोस्टोनला जातोय, पाकीट अर्थातच घरी ठेवणार. पण आईने आधीच दोन गोळ्या खाल्ल्यात. तिच्या ग्रीन कार्डच्या मुलाखतीत हे विचारतात का? इमिग्रेशन वकिलाशी कुणी बोललंय का? कृपया सांगा, झोप उडालीय.