मदत हवी आहे: घराला लागून टॉवर येतोय, हरकत नेमकी कुठं घ्यायची?

नमस्कार मंडळी, आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरपासून चालत पाच मिनिटांवर, आजोबांनी बांधलेलं कौलारू. शेजारचा जुना वाडा गेल्या महिन्यात पाडला आणि आता तिथं टॉवर येतोय म्हणे, पार्किंगचे दोन मजले सोडून वर अकरा. पोकलेन चालू झालं की फळीवरची भांडी वाजायला लागतात आणि देवघराच्या भिंतीला भेग पडलीय, तिच्यात आता माझ्या करंगळीचं टोक जातंय.

मी बिल्डिंगच्या विरोधात नाही राव, शहर वाढायलाच पाहिजे. पण 2019 ला आणि परत 2021 ला शाहूपुरीत बोटी फिरल्यात, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोका हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे, आणि आता शेजारी भराव टाकून प्लॉट उंच केला तर पाणी कुणाच्या दारात येणार? आमच्याच की! वडील म्हणतात रंकाळ्याला लायटिंग करा, चौकात कारंजी करा, झ्याक दिसतंय सगळं, पण आधी गटार तुंबायचं थांबवा.

तर विचारायचं असं की मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागायचा का महारेराच्या (बिल्डरांचे प्रकल्प नोंदवणारं सरकारी प्राधिकरण) साईटवरच बघायला मिळतो? पूररेषेचा नकाशा कुठल्या ऑफिसात? आणि भेगेसाठी खाजगी इंजिनिअरचा रिपोर्ट चालतो का पंचनामाच लागतो? कुणी असलं प्रकरण निस्तरलं असेल तर सांगा, तांबडा-पांढरा माझ्याकडून.