डिझेल पिकअपचा एक्झॉस्ट ब्रेक रोजच्या वापरात चालू ठेवावा का?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

कॅम्पर (मुक्कामाची सोय असलेला ट्रेलर) ओढण्याच्या निमित्ताने आम्ही नुकतीच एक वापरलेली डिझेल पिकअप घेतली असून तिच्यात एक्झॉस्ट ब्रेकचे बटण आहे. गाडी विकणाऱ्या गृहस्थांनी सांगितले की ट्रेलर जोडून डोंगर उतरताना तेवढे ते दाबावे, एरवी इंजिनावर नाहक ताण येतो. कार्यालयातील एक सहकारी मात्र ठामपणे म्हणतात की ते कायम चालूच ठेवावे, नाहीतर टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) अडकून बसतो. आठवडाभर ही गाडी रिकामीच, कामावर जाण्यायेण्यासाठी धावते. अशा वापरात एक्झॉस्ट ब्रेकने इंधन जास्त जळते का, इंजिनाला इजा पोहोचते का आणि पावसात व बर्फात काय करावे, याविषयी आपल्यातील जाणकारांनी मार्गदर्शन केल्यास आभारी होईन.

आपली नम्र,
एक सभासद

*

ताई, सप्रेम नमस्कार.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे डिझेल इंजिनांच्या चाचण्या घेण्यात गेली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला अधिक पटते, पण निसरडा रस्ता हा त्याला मोठा अपवाद आहे आणि त्याकडे मी पुढे येतोच.

पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, मिटते, पिस्टनला हवा ओढून घेताना झगडावे लागते आणि गाडी आपसूक मंदावते. डिझेल इंजिन वेग कमी करताना मुख्यतः इंधन तोडते, हवेची वाट तशी अडवत नाही. त्यामुळे पाय काढल्यावरही जड पिकअप मोकाट धावत राहते. एक्झॉस्ट ब्रेक दुसऱ्या टोकाला, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेची वाट आवळतो. मग प्रत्येक उत्सर्जन फेरीत पिस्टनला साचलेल्या दाबाविरुद्ध ती हवा ढकलावी लागते आणि ती ताकद फिरत्या चाकांकडूनच वसूल होते. पूर्वी यासाठी टर्बोच्या मागे वेगळी झडप बसवत असत. २००७ मध्ये डॉज रॅममध्ये आलेल्या ६.७ लिटरच्या कमिन्स इंजिनापासून मात्र टर्बोतील वाट कमीजास्त करणारी यंत्रणाच हे काम करू लागली आणि पुढे फोर्ड व जनरल मोटर्स यांच्या डिझेल पिकअपमध्येही तीच पद्धत रुळली.

इंधनाची चिंता सोडून द्या. गाडी स्वतःच्या वेगाने इंजिनाला फिरवत असते तेव्हा इंजेक्टर इंधन सोडतच नाहीत. इजेच्या भीतीला एके काळी आधार होता, कारण जुन्या इंजिनाला बाहेरून ब्रेक बसवला आणि दाब व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या ताकदीपलीकडे गेला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अवेळी उचलला जाऊ शकतो. म्हणूनच अशा इंजिनांत अधिक कडक स्प्रिंग घालत. तुमच्या गाडीत ब्रेक कारखान्यातूनच आलेला असेल, तर दाब किती वाढू द्यायचा हे गाडीचा संगणक ठरवतो. टर्बोचे म्हणाल तर हळूहळू, जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत टर्बोतील वाट कमीजास्त करणाऱ्या सरकत्या भागांवर काजळी धरते, आणि एक्झॉस्ट ब्रेक लागला की ते भाग पार मिटेपर्यंत सरकतात, म्हणून मोकळे राहतात. आधीच अडकलेला टर्बो मात्र बटण दाबून सुटणार नाही.

हा ब्रेक खरोखर किती भार उचलतो ते आकड्यांतून पाहू. गाडी आणि कॅम्पर मिळून ८ टन वजन धरा, उतार ६ टक्के आणि वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सुमारे ५६ मैल. दर सेकंदाला हे सारे वजन दीड मीटर खाली येते आणि त्यातून सुमारे ११८ किलोवॉट शक्ती मोकळी होते. वारा आणि टायर यांचा वाटा वजा केला तरी उरलेली बरीचशी शक्ती, एक्झॉस्ट ब्रेक नसेल तर, उतार संपेपर्यंत डिस्क आणि पॅड यांनाच उष्णता म्हणून पचवावी लागते. डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा किमान उत्कलनबिंदू ताजेपणी २०५ अंश सेल्सिअस असतो आणि ओलावा शोषल्यावर १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. तेल उकळले की पेडल थेट तळाला जाते. रिकाम्या गाडीत एवढा धोका नसतो, पण पॅड आणि डिस्क यांचे आयुष्य तिथेही चांगलेच वाढते.

आता निसरड्या रस्त्याकडे येतो. तुमची गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये चालत असेल तर एक्झॉस्ट ब्रेकची सारी ओढ मागच्या दोन चाकांवर पडते, आणि रिकाम्या पिकअपचे नेमके मागचेच टोक हलके असते. ओल्या किंवा गोठलेल्या वळणावर पाय काढताच गाडीने गिअर खाली पाडला आणि ब्रेक लागला, तर मागची चाके पकड सोडून गाडीचे शेपूट बाहेर फेकू शकतात. ट्रेलर जोडलेला असेल तर तो गाडीला आडवी करू शकतो. म्हणून पाऊस लागला, बर्फ दिसले किंवा नुसती शंका आली, तरी बटण बंद करावे.

दुसरे असे की नुसत्या एक्झॉस्ट ब्रेकने बहुतेक पिकअपचे मागचे लाल दिवे लागत नाहीत. रहदारीत तुम्ही पाय काढता, गाडी चांगलीच मंदावते आणि मागच्याला त्याचा पत्ताही नसतो. मागे कोणी अगदी चिकटून येत असेल तर पेडलला हलका स्पर्श करून दिवे दाखवावेत. ट्रेलरचे ब्रेकही एक्झॉस्ट ब्रेकमुळे लागत नाहीत. कॅम्पर गाडीला मागून रेटतच राहतो, म्हणून त्याच्या ब्रेकची तपासणी टाळू नये.

जाता जाता, गावांच्या वेशीवर दिसणाऱ्या इंजिन ब्रेकबंदीच्या पाट्यांविषयी. त्यांचा रोख प्रामुख्याने मोठ्या ट्रकच्या जेक ब्रेकवर असतो, जो सिलिंडरमध्ये दाबलेली हवा पिस्टन वरच्या टोकाला पोहोचताना बाहेर सोडून देतो आणि सायलेन्सर धड नसेल तर मशीनगनसारखा तडतडतो. १९३१ मध्ये कमिन्स इंजिन कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स डिझेल ट्रक घेऊन अमेरिका आडवी पार करत असताना कॅलिफोर्नियातील काहोन खिंडीच्या उतारावर त्यांचे ब्रेक निकामी झाले आणि रेल्वे फाटकावर ते मालगाडीखाली येता येता वाचले. जेक ब्रेकची कल्पना त्यांनी पुढे तडीस नेली आणि १९६१ मध्ये तो जेकब्स कंपनीमार्फत बाजारात आला. आपल्या पिकअपचा एक्झॉस्ट ब्रेक त्या मानाने नुसता घुमतो. तरीही पाटीवरचा मजकूर नीट वाचावा, कारण काही ठिकाणी तो सरसकट असतो.

कळावे,
इंजिनवाला काका

*

काका, मनःपूर्वक आभार.

आणखी दोन शंका आहेत. बटण एकदा दाबले की हिरवा दिवा लागतो आणि पुन्हा दाबले की पिवळा. रोजसाठी यांपैकी कोणता योग्य? शिवाय सिग्नलजवळ पोहोचता पोहोचता ब्रेक एकाएकी सुटल्यासारखा वाटतो आणि गाडी पुढे सरकते. हा बिघाड समजावा का?

*

ताई, हा बिघाड नव्हे. वेग पुरेसा उतरला की ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील टॉर्क कन्व्हर्टरचे लॉक सुटते, चाके आणि इंजिन यांचा घट्ट सांधा मोकळा होतो आणि एक्झॉस्ट ब्रेकची ओढ संपते. हे साधन वेग आवरण्यासाठी आहे, गाडी उभी करण्यासाठी नाही. त्यामुळे चौक दिसू लागताच पाय पेडलवर असावा. तुम्ही वर्णन केलेले दिवे रॅमचे वाटतात. तसे असेल तर हिरवा म्हणजे स्वयंचलित पद्धत, जी मुख्यतः उतारावर गाडीचा वेग वाढू देत नाही, आणि पिवळा म्हणजे पूर्ण ओढ, जी पाय काढताक्षणी लागते. कोरड्या रस्त्यावर रिकाम्या गाडीसाठी मी हिरवा ठेवेन. कॅम्पर जोडून डोंगर उतरताना पिवळा लावावा आणि सोबत टो-हॉल, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची खास पद्धत, हेही चालू करावे, कारण त्याने गिअर लवकर खाली पडतात आणि इंजिनाचे फेरे जितके जास्त तितका हा ब्रेक जोरकस लागतो.

मात्र रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागात राहत असाल, तर अधूनमधून बटण बंद करून पायाच्या ब्रेकनेच गाडी थांबवत जावी, म्हणजे डिस्कवर गंज धरणार नाही.